पंचायतीचा हिशेब: कसा मागावा, कसा वाचावा



या पानावर आम्ही बहुतेक वेळा खत, बियाणे, जनावरांचे रोग आणि पावसाळ्यातील ताप-जुलाब यांविषयी लिहितो. या वेळी पंचायतीच्या खर्चाविषयी लिहायचे ठरवले आहे. हा विषय पानाबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. पण शेताकडे जाणारा रस्ता, नाल्यावरचा बांध, प्यायच्या पाण्याची टाकी, गल्लीतील गटार आणि आरोग्य केंद्रातील गोळ्या या सगळ्या गोष्टी सरकारी पैशातून येतात. बांधात सिमेंट कमी पडले की तो दुसऱ्या पावसाळ्यात फुटतो आणि त्याच्याबरोबर खालच्या शेतातील माती जाते. गटाराला उतार नीट दिला नाही की पाणी तुंबते, डास होतात आणि घरात एकामागून एक माणसे तापाने निजतात. तेव्हा हिशेब हा शेतीचाही विषय आहे आणि प्रकृतीचाही.

आमचे पुष्कळ शेतकरी बांधव म्हणतात, "आम्ही कुठे कर भरतो? कर भरतात ते शहरातले नोकरदार." शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे खरे. पण कर काही तेवढाच नसतो. खताच्या पोत्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. डिझेलच्या प्रत्येक लिटरमध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा कर असे दोन्ही बसलेले असतात. पॉवर टिलर फिरवणारा माणूस नांगरटीच्या प्रत्येक तासाला तो भरतो. सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के कर होता, त्यानंतर १८ टक्के झाला. कर सोडून पोत्याची किंमत ३०० रुपये धरली आणि घराला २०० पोती लागली असे समजले, तर १८ टक्क्यांनी १०,८०० रुपये सरकारकडे गेले. जुन्या दराने ते १६,८०० होत होते. याशिवाय पंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी आहेच. साबणाची वडी घेणारी विधवा बाईदेखील करदाती आहे. फरक एवढाच की शहरातल्या नोकरदाराला आपण किती कर दिला ते कागदावर दिसते, आणि आपल्याला दिसत नाही. जे दिले ते दिसत नाही, म्हणून ते कुठे गेले हे विचारायचेही सुचत नाही.

आता हिशेब म्हणजे काय ते पाहू. ग्रामसभेत पंचायतीचा जमाखर्च वाचला जातो. "रस्ते व गटारे, अमुक लाख. पाणीपुरवठा, अमुक लाख. दिवाबत्ती, अमुक हजार." वाचणारा भरभर वाचतो, ऐकणारे माना हलवतात, चहा येतो. हा जमाखर्च खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. पण त्यावरून कोणालाही काही तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्याला आम्ही हिशेब म्हणणार नाही. आपल्या चर्चच्या फेस्ताचाच खर्च घ्या. समितीने दारावर "एकूण खर्च इतका" एवढीच चिठ्ठी लावली तर लोक गप्प बसतील काय? मंडपाचे किती, बँडचे किती, मेणबत्त्या कोठून आणल्या, हे सगळे विचारतील. पंचायतीचा पैसा त्याच्या कितीतरी पटींनी मोठा असतो, आणि तेथे मात्र आपण एका ओळीवर समाधान मानतो.

एकूण रकमेचा कागद आणि गावाला पडताळता येईल असा कागद यांत किती अंतर आहे, हे ज्यांनी सगळ्या देशाला दाखवले त्यांची हकीकत येथे सांगितली पाहिजे. ते लोक आपल्यासारखेच पावसावर जगणारे, राजस्थानातील कोरडवाहू मुलखातले. तेथे दुष्काळात सरकारी कामे निघत. माती खोदायची, तळी बांधायची, रस्ते करायचे. मजुरीच्या दिवशी मजुराला ठरलेल्यापेक्षा कमी पैसे मिळत, आणि कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे: "तुमचे काम मोजात कमी भरले. कागदावर तसे लिहिले आहे." तो कागद दाखवा म्हटले की तो सरकारी कागद आहे, दाखवता येत नाही, असे सांगत. इंग्रजांच्या वेळचा १९२३ सालचा शासकीय गुपिते कायदा आजही पुस्तकात आहे. खंदकातल्या मातीच्या मोजाशी त्याचा काय संबंध, हे विचारण्याची सोय नव्हती.

अरुणा रॉय या बाईंनी १९७५ साली भारतीय प्रशासन सेवेतील नोकरी सोडली. त्या, शंकर सिंह आणि निखिल डे हे १९८७ साली राजस्थानातील देवडूंगरी नावाच्या लहानशा गावी येऊन मजुरांमध्ये राहू लागले. तेथील मजूर आणि लहान शेतकरी यांनी १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की मजुरीसाठी नुसते भांडून भागणार नाही, मजुरी ज्या कागदावर बुडवली जाते तो कागदच हाती आला पाहिजे. मिळतील तेवढे कागद मिळवून त्यांनी २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई भरवली. जनसुनवाई म्हणजे गावाने गावासमोर केलेली चौकशी.

तेथे फार मोठी भाषणे झाली असे समजू नका. काम झाले ते अगदी साधे. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, मोठ्याने वाचला गेला. अमुक माणूस, इतके दिवस काम, इतके रुपये. ज्याचे नाव वाचले त्याने उभे राहून सांगायचे, हे खरे की खोटे. या आणि पुढच्या सुनावण्यांत कामावर कधी न गेलेल्यांची नावे निघाली, गाव सोडून गेलेल्यांची निघाली, मेलेल्यांचीही निघाली. कागदावर पूर्ण झालेली इमारत गावात अर्धीच उभी होती, हे कोणाला तपासायला जावे लागले नाही. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बिलांतले सामान कधी आलेच नव्हते. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायाबापड्यांनी हे लेखापरीक्षण केले. जिल्ह्याहून आलेला हिशेबनीस बेरीज बरोबर आहे की नाही एवढेच पाहू शकतो, कारण अमुक बाई त्या महिन्यात बाळंत होती आणि कामावर जाणे शक्यच नव्हते, हे त्याला कसे कळणार? ते शेजारणीलाच ठाऊक असते.

हे पाहून पुष्कळांचे धाबे दणाणले. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत सांगितले की गावकामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. वर्ष झाले तरी हुकूम निघाला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चांग गेटजवळ लोकांनी धरणे धरले, ते ४० दिवस चालले. खेड्यांतून आळीपाळीने माणसे येत, येताना धान्य घेऊन येत. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा या चळवळीची. पुढच्या वर्षी जयपुरात आणखी ५३ दिवस बसावे लागले. राजस्थानाचा माहितीचा कायदा २००० साली झाला. गोव्याने त्यापूर्वीच, १९९७ साली, आपला कायदा केला होता. कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचा पहिला कायदा २००० सालचा. शेवटी साऱ्या देशासाठी माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला आणि त्या वर्षीच्या १२ ऑक्टोबरपासून तो पुरता लागू झाला. त्याच वर्षी झालेल्या रोजगार हमी कायद्यात, ग्रामसभेने प्रत्येक कामाचे सामाजिक अंकेक्षण करावे असे १७ वे कलम आले. त्या कलमाचे मूळ कोटकिरान्यासारख्या गावांतल्या उघड्यावरच्या सभांत आहे. आंध्र प्रदेशाने २००६ पासून ते नेटाने चालवले. हैदराबादकडच्या वाचकांनी अशी अंकेक्षणे होताना कदाचित पाहिलीही असतील. मेघालयाने तर २०१७ साली सामाजिक अंकेक्षणाचा वेगळा कायदाच केला.

आता आपल्या गावाकडे येऊ. २००५ च्या कायद्याने आपल्याला काय दिले? पुष्कळांना वाटते की अर्ज करायचा आणि उत्तर घ्यायचे, एवढेच. त्यापेक्षा जास्त आहे. कलम २ मध्ये माहितीचा अधिकार म्हणजे काय ते सांगितले आहे. कागद पाहणे, टिपून घेणे, शिक्का मारलेली नक्कल घेणे हे तर आहेच; पण चालू असलेले किंवा झालेले काम प्रत्यक्ष पाहणे, आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेणे, हेही आहे. वाळूत माती आहे अशी शंका असेल तर त्या वाळूचा नमुना कायद्याने मागता येतो. हे कलम फार थोड्या लोकांनी वापरले आहे. ज्याने आयुष्यभर मातीत हात घातला त्याने तरी ते वापरावे.

कोणते कागद मागावेत ते सांगतो. मागणाऱ्याचे अर्धे काम येथेच होते किंवा फसते. "पंचायतीच्या सर्व खर्चाची माहिती द्या" असा अर्ज करू नये. तो एकतर नाकारला जातो, नाहीतर हजार पानांचा गठ्ठा हाती येतो आणि पानामागे २ रुपये जातात. एक काम धरा. आपल्या वाडीतला रस्ता, नाहीतर गटार. त्या एका कामाचे अंदाजपत्रक, म्हणजे एस्टिमेट. कंत्राटदाराला दिलेला कामाचा आदेश. इंजिनियरने भरलेले मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात, मजूर लावले असतील तर मस्टर, सामानाची बिले, आणि काम पुरे झाल्याचा दाखला. यांत सर्वांत महत्त्वाचे ते मोजमाप पुस्तक. पैसे त्याच्यावरून दिले जातात. एस्टिमेट म्हणजे काय करायचे होते ते, आणि एम.बी. म्हणजे केले असे कोणी सही करून सांगितले ते.

एम.बी. वाचणे अवघड नाही. सिमेंट काँक्रीटचा रस्ता घ्या. पुस्तकात लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर असे लिहिले आहे. तिन्हींचा गुणाकार ४५ घनमीटर. एम-२० नावाचे काँक्रीट, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, असे असेल तर एका घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागते. म्हणजे ३६० पोती. आता टेप घेऊन रस्त्यावर जा. लांबी-रुंदी मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. जाडी कडेला दिसते. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवा: कडेला फळी लावून काँक्रीट भरपूर ओतलेले असते, आणि मध्ये खालचा मुरूम उंच ठेवून जाडी चोरलेली असू शकते. कड पाहून खूश होऊ नये. मधल्या जाडीसाठी यंत्राने गोल तुकडा काढतात, तो इंजिनियरच्या समोर काढावा म्हणून मागणी करावी; स्वतः पहार घेऊन रस्ता फोडू नये, नाहीतर गुन्हा आपल्यावरच यायचा. मधली जाडी १० सेंटिमीटरच भरली असे समजा. मग सबंध रस्त्यात काँक्रीट ३० घनमीटर पडले, १५ घनमीटर पडलेच नाही. त्यातले सिमेंटच १२० पोती. पोते ३५० रुपयांना धरले तर ४२,००० रुपये. खडी, वाळू आणि मजुरी निराळी. आणि खरे नुकसान तर पुढेच आहे. उसाचा भरलेला ट्रॅक्टर त्या पातळ रस्त्यावरून दोन हंगाम जातो, तिसऱ्या हंगामाला रस्ता उखडतो, आणि नव्या रस्त्यासाठी पुन्हा आपलाच कर लागतो.

आकडा जुळला नाही म्हणजे चोरीच झाली असेही समजू नये. एस्टिमेट सरकारी दरपत्रकाने होते, त्यात वाहतूक, कर, कंत्राटदाराचा नफा हे सगळे धरलेले असते. जमीन खालीवर असली की कुठे जाडी जास्त, कुठे कमी होते. आधी विचारावे. इंजिनियरने समजावून सांगितले आणि ते पटले तर तसे चारचौघांत कबूल करावे. प्रामाणिक सभासदाचे आणि सचिवाचे रक्षण उघड्या कागदानेच होते. नाहीतर कामावरची सगळी कुजबूज त्यांच्याच माथी बसते. आम्हाला तर वाटते की ज्या पंचायतीने सारे नीट केले तिने न मागताच कामाच्या जागी फलक लावावा आणि त्यावर एकूण रकमेबरोबर लांबी, रुंदी, जाडी आणि सिमेंटची पोतीही लिहावीत. कायद्याचे ४ थे कलम तसेच सांगते: खर्चाची माहिती अधिकाऱ्याने आपण होऊन द्यावी, लोकांना अर्ज करायची गरजच कमी पडावी. ते कलम सर्वांत चांगले आणि सर्वांत कमी पाळलेले आहे.

आरोग्याकडे वळू. येथे रकमा लहान असतात म्हणून कोणी पाहत नाही, पण जीव येथेच अडकलेला असतो. प्यायच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर घालावी लागते. स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची पावडर सुमारे अडीच ग्रॅम पुरते. टाकी ५०,००० लिटरची असेल आणि रोज एकदा भरत असेल, तर दिवसाला १२५ ग्रॅम, वर्षाला सुमारे ४६ किलो. पावसाळ्यात पाणी गढूळ असते आणि दमट हवेत पावडरीचा जोरही जातो, म्हणून थोडी जास्त लागेल. आता पंचायतीची वर्षाची बिले मागवा. तुमच्या गावच्या टाकीसाठी ५० ते ७० किलो निघाली तर ठीक. ३०० किलो निघाली तर विचारायला हवे की ती गेली कुठे. आणि वर्षाला ८ किलोच निघाली तर त्याहून मोठ्याने विचारायला हवे, कारण मग कोणी पैसा खाल्ला नसेलही, पण गावाने वर्षभर न शुद्ध केलेले पाणी प्याले आहे. जुलाबाची साथ आली की आपण देवाला आणि हवेला दोष देतो; आधी ते बिल पाहावे.

तसेच ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीचे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात अशा समित्यांसाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मोकळा निधी ठरवला गेला. गावातल्या स्वच्छतेसाठी, अडलेल्या रुग्णाच्या गाडीभाड्यासाठी वगैरे तो वापरायचा. आपल्या गावात समिती आहे काय, तिच्या खात्यावर किती जमा झाले, खर्च काय झाला, हे आशाताईंना आणि पंचायत सदस्यांना नुसते तोंडी विचारले तरी पुष्कळ कळते. पुष्कळ वेळा पैसे खाल्लेले नसतात, वापरलेलेच नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधसाठ्याची नोंदवहीसुद्धा पाहायला मागता येते. "औषध संपले आहे, बाहेरून घ्या" असे ज्या दिवशी सांगितले त्या दिवसाची तारीख टिपून ठेवा आणि नोंदवहीत त्या तारखेला किती शिल्लक होते ते पाहा.

भाषेची अडचण आम्हाला माहीत आहे. बेळगाव, खानापूर भागातील आमच्या वाचकांपुढे पंचायतीचे कागद कन्नडमध्ये येतात. त्याबद्दल मनात काय असेल ते असो, हिशेब वाचायचा राहू नये. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे कर्नाटकात मराठी अर्ज परत आला तर हिंदीत लिहून द्यावा. तो भाषेच्या कारणाने नाकारता येत नाही. तरी आमचा सल्ला असा की तो कन्नडमध्येच द्यावा. पीडीओ साहेबांना तो लगेच वाचता येतो आणि एक सबब कमी होते. आमच्या पुष्कळ मुलांनी शाळेत कन्नड शिकलेले आहे. आलेले कागद त्यांच्याकडून वाचून घेऊन मराठीत मोठ्याने सांगावेत, मस्टर असेल तर प्रत्येक नाव. ज्या माणसाला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे कायद्याने अधिकाऱ्याचेच काम आहे. गोव्यातल्या बांधवांना हे सोपे आहे. तेथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीचा वापरही मान्य आहे, आणि ग्रामसभा बहुधा रविवारी भरते. मिस्सा संपवून थेट तेथे जाता येते. कर्नाटकात ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. तारीख ठाऊक नव्हती असे म्हणणारे आमच्यात फार आहेत. बाजाराची तारीख मात्र कोणी चुकवत नाही.

हल्ली मोबाईलवरही हिशेब दिसतो. केंद्र सरकारचे ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. त्यात गावाचे नाव निवडले की पंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि खर्च निघतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिली होती. आपल्या गावाच्या वाट्याला किती आले आणि त्यातून काय झाले ते तेथे पाहता येते. घरातल्या शाळकरी मुलाला हे दहा मिनिटांत जमते. पण त्यावर विसंबून राहू नका. तेथे काम आणि रक्कम दिसते; रस्त्याची जाडी किती मोजली आणि मोजणाऱ्याने सही कुठे केली ते दिसत नाही. मोबाईलवर पाहून काम निवडावे आणि त्या कामाचे कागद अर्ज करून मागावेत, हा सोयीचा क्रम.

नकार मिळाला तर काय? ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. न आल्यास, किंवा आलेले पटले नाही तर, त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठाकडे पहिले अपील करावे. तेथेही न्याय न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे अपिले साचून राहतात, हे मात्र सांगून ठेवले पाहिजे. तेथे वर्ष जाऊ शकते. म्हणून पहिल्या पायरीवरच काम होईल असा अर्ज करण्यात शहाणपण आहे. हल्ली "ही वैयक्तिक माहिती आहे" हे कारण जास्त ऐकू येते. २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती कायद्याचे ८(१)(ञ) हे कलम बदलून नकाराचे दार रुंद केले. आम्हाला हा बदल मुळीच आवडलेला नाही. मस्टरमधली नावेच झाकली तर कोटकिराना पुन्हा कसे होणार? तरी दोन वाटा उरल्या आहेत. लोकहित मोठे असेल तर माहिती द्यावी असे ८ व्या कलमातच पुढे लिहिलेले आहे. आणि १० वे कलम म्हणते की न देण्याजोगा भाग झाकून बाकीचा कागद द्यावा. म्हणून अर्जात कोणाचा आधार क्रमांक, फोन किंवा बँक खाते मागू नका. काम आणि खर्च मागा.

आणि एकट्याने मागू नका. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी माहिती मागून जमिनींचे घोटाळे बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा भर रस्त्यावर खून झाला. भीती घालण्यासाठी हे आम्ही लिहीत नाही. पण ज्या कागदावर एकाचेच नाव असते त्या एकालाच गाठता येते. एकाच मजकुराचे पाच-सहा अर्ज पाच-सहा घरांतून जावेत, त्यांत निरनिराळ्या जातिधर्मांचे शेजारी असावेत, बायका असाव्यात. उत्तर आले की ते कोणा एकाच्या कपाटात न ठेवता चावडीवर वाचावे.

अर्जाचा नमुना देतो. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. हा त्यात बसतो. "माहितीचा अधिकार कायदा २००५, कलम ६ (१) खाली अर्ज. प्रति, जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत (गावाचे नाव). आमच्या गावातील (वाडीचे नाव) येथील काँक्रीट रस्त्याच्या, सन (वर्ष) मध्ये झालेल्या कामाचे अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने, सामानाची बिले, दिलेल्या रकमांची व्हाउचरे आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रमाणित नकला द्याव्यात. तसेच या कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी तारीख व वेळ कळवावी. १० रुपये शुल्क सोबत जोडले आहे." खाली नाव, पत्ता, तारीख, सही. माहिती कशासाठी हवी ते लिहू नये. कायद्याप्रमाणे कारण विचारता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर त्याची नक्कल जोडावी, शुल्क लागत नाही.

शुल्क १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरने द्यावे, किंवा रोख देऊन पावती घ्यावी. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात तिसाव्या दिवशी खूण करून ठेवावी. त्या दिवसापर्यंत कागद आले नाहीत तर पुढे ते फुकट द्यावे लागतात, आणि अपिलाची मुदत दुसऱ्या दिवसापासून धावू लागते.